‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण एकदा दाबून बघा

जून २०२५ मध्ये ‘१६ अब्ज पासवर्ड फुटले’ ही बातमी जगभर फिरली. आकडा ऐकूनच छातीत धस्स व्हावं असा. पण ती कुठल्या एका कंपनीत झालेली नवी चोरी नव्हती. लोकांच्या संगणकांत शिरून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारे चोरटे प्रोग्राम जे गोळा करतात त्याचे ढीग, जुन्या फुटींमधला माल आणि त्यात एकच नोंद पुन्हा पुन्हा, असं ते सगळं गाठोडं होतं. बातमीखाली सल्ला मात्र नेहमीचाच: ताबडतोब पासवर्ड बदला. कोणत्या खात्याचा आधी? आणि तो चोरटा प्रोग्राम संगणकात अजून बसलेलाच असेल तर नवा पासवर्डही त्याच्याच हाती लागेल, त्याचं काय? याबद्दल अवाक्षर नाही.

अशा बातम्यांवर माझा राग आहे तो यासाठी की त्या सगळं लक्ष पासवर्डवर खिळवून ठेवतात. पुढच्या दाराला पाच कुलपं लावायची आणि मागचं दार नुसतं लोटून ठेवायचं, असा तो प्रकार होतो. मागचं दार म्हणजे ‘पासवर्ड विसरलात?’ हा दुवा. खात्याची खरी ताकद तेवढीच, जेवढी त्या दुव्यामागच्या वाटेची.

ती वाट पाहायला पाच मिनिटं पुरतात. ब्राउझरमध्ये प्रायव्हेट विंडो उघडा, म्हणजे आधीचं लॉगिन आड येणार नाही. आपला ईमेल पत्ता टाका आणि तो दुवा दाबा. कोड पाठवायला सांगू नका, काही बदलू नका. समोर काय काय पर्याय येतात तेवढंच बघा आणि लिहून घ्या. कधी अर्धवट झाकलेला मोबाइल नंबर दिसतो, शेवटचे दोन आकडे तेवढे उघडे. कधी एखादा दुसरा ईमेल दिसतो, जो अनेक वर्षांत उघडलेलाच नाही. कधी ‘तुमच्या पहिल्या शाळेचं नाव’ असा प्रश्न येतो, ज्याचं उत्तर तुमच्या सोशल मीडियावर जाहीर लिहिलेलं असतं. ‘दुसरा मार्ग वापरा’ दाबत दाबत शेवटपर्यंत जा. चोर नेमका असाच जातो आणि सगळ्यात सोप्या पर्यायापाशी थांबतो.

सुरुवात ईमेलपासूनच करायची, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे तिथेच येऊन पडतात. ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. रिकव्हरीसाठी, म्हणजे खातं परत मिळवायला, दिलेला दुसरा ईमेल बंद पडला असेल तर तो काढून टाका. जुना मोबाइल नंबर तर आजच काढा. आपण सोडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मग आपल्या खात्याचा कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो.

चालू नंबरही वाटतो तितका आपला नसतो. मोबाइल कंपनीच्या माणसाला फसवून किंवा फितवून तोच नंबर दुसऱ्या सिमवर वळवता येतो. ३० ऑगस्ट २०१९ रोजी ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या खात्यावरून भलतेसलते संदेश गेले ते असेच. त्यांचा नंबर दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता आणि एसएमएस पाठवून ट्वीट करायची जुनी सोय चालू होती. पासवर्ड लागलाच नाही. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत एसएमएसचा कोड ‘मर्यादित’ प्रकारात टाकला तो याच धोक्यामुळे. एसएमएस काहीच नसण्यापेक्षा नक्कीच बरा, आणि एखाद्या सेवेत दुसरा पर्यायच नसेल तर तो जरूर चालू ठेवा. पण जिथे ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड बनवणारं ॲप) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनमधल्या गुप्त किल्लीने लॉगिन करायची सोय) मिळते, तिथे ती लावून एसएमएस काढून टाकायला हवा. नुसतं ॲप जोडलं आणि एसएमएस ‘असू दे’ म्हणून ठेवला, तर चोर एसएमएसच्याच वाटेने येईल.

ऑथेंटिकेटर ॲपमधले ते दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडे येतात कुठून, हे समजून घेतलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो त्यात एक गुप्त किल्ली असते, अक्षरं आणि आकड्यांची एक माळ. ती फोनमध्येही राहते आणि सेवेच्या सर्व्हरवरही. १ जानेवारी १९७० पासून आत्तापर्यंत गेलेले सेकंद घ्यायचे, त्यांना ३० ने भागायचं आणि अपूर्णांक टाकून द्यायचा. हा आकडा आणि ती किल्ली एकत्र घुसळली की २० बाइटचा एक घट्ट गोळा मिळतो (बिट म्हणजे एक ० किंवा १, बाइट म्हणजे असे आठ). त्यातल्या शेवटच्या चार बिटांवरून ठरतं की कुठून चार बाइट उचलायचे. उचललेल्यातलं सगळ्यात वरचं बिट सोडायचं आणि उरलेल्या संख्येला १० लाखांनी भागायचं. बाकी उरते ती म्हणजे आपला कोड. २०११ पासून हे उघड मानक आहे, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं ॲप बहुतेक सेवांना चालतं.

यातून लगेच तीन गोष्टी कळतात. हिशेबात इंटरनेट कुठेच नाही, त्यामुळे नेटवर्क नसलं तरी कोड येतो. हिशेब घड्याळावर चालतो, त्यामुळे फोनची वेळ दोन-तीन मिनिटं पुढेमागे असली की बरोबर दिसणारा कोड सतत ‘चुकीचा’ ठरतो. असं झालं तर ॲप काढून पुन्हा टाकू नका, किल्ल्याच पुसल्या जातील. फोनच्या सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘स्वयंचलित’ करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट म्हणजे प्रत्यक्ष किल्लीची नक्कल. तो फोटोंच्या गॅलरीत राहिला आणि गॅलरी आपोआप क्लाउडवर चढली, तर किल्ली दाराच्या चौकटीवरच ठेवल्यासारखं आहे.

इतकं करूनही हा सहा आकडी कोड फसतो, आणि तो कसा फसतो ते नीट पाहायला हवं. चोर एक हुबेहूब लॉगिन पान बनवतो. आपण तिथे पासवर्ड टाकतो, त्याचा संगणक तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतो. खरी साइट कोड मागते, म्हणून खोटं पानही कोड मागतं. आपण सहा आकडे टाकतो आणि त्यांची मुदत संपायच्या आत ते पलीकडे वापरलेही जातात. ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांवर याच धाटणीचा हल्ला झाल्याचं ऑगस्ट २०२२ मध्ये उघड झालं. ट्विलिओमध्ये चोर आत शिरले. क्लाउडफ्लेअरच्याही तीन कर्मचाऱ्यांनी खोट्या पानावर पासवर्ड टाकले होते, म्हणजे माणसं दोन्हीकडे फसली. फरक इतकाच की क्लाउडफ्लेअरमध्ये प्रत्येकाला यूएसबीची सुरक्षा-किल्ली, म्हणजे संगणकाला जोडायचं छोटं उपकरण, लागत होती. ती किल्ली खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. खोट्या पानाचा पत्ता वेगळा, त्यामुळे तिने उत्तरच दिलं नसतं, आणि नुसत्या पासवर्डवर चोर पुढे जाऊ शकले नाहीत.

‘सावध राहा, दुवा तपासून मगच दाबा’ हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. रात्री अकरा वाजता, थकलेल्या डोळ्यांनी, छोट्या पडद्यावर पत्त्यातलं एक अक्षर ओळखायचं ओझं माणसावर टाकणंच चूक आहे. जो कोड माणसाला वाचता येतो, तो त्याच्याकडून काढूनही घेता येतो. पासकी हे ओझं ब्राउझरवर टाकते. फोनमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड सांभाळून ठेवणाऱ्या ॲपमध्ये) किल्ल्यांची जोडी तयार होते: खाजगी किल्ली आपल्याकडेच राहते, साइटकडे जाते ती फक्त सार्वजनिक. लॉगिनच्या वेळी साइट एक यादृच्छिक मजकूर पाठवते, आपलं उपकरण त्यावर सही करतं, आणि कोणत्या पत्त्यासाठी सही केली हेही त्या सहीत येतं. बोटाचा ठसा किंवा चेहरा फक्त किल्ली उघडायला लागतो, तो उपकरणाबाहेर जात नाही. आयफोनमध्ये ही सोय सप्टेंबर २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर आली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून गूगल वैयक्तिक खात्यांना आधी पासकीच सुचवतं.

पण इथेही मागचं दार सुटलेलं नाही. पासकी लावल्यावर बऱ्याच साइट पासवर्ड आणि एसएमएस दोन्ही ‘अडीअडचणीला’ म्हणून चालूच ठेवतात. म्हणजे पासकीने तुमची सोय झाली, चोराची अडचण झाली नाही. जिथे जुने मार्ग बंद करता येतात, तिथे दोन वेगळ्या उपकरणांवर पासकी तयार करा, दोन्हींनी लॉगिन करून खात्री करा, आणि मगच ते बंद करा. या कामात उलटा क्रम महागात पडतो.

आणि एक दार असं आहे की जिथे पासवर्डही लागत नाही आणि कोडही. लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरला एक ओळखचिठ्ठी देते, सेशन कुकी. ती चोरली की चोर थेट ‘लॉगिन झालेल्या’ अवस्थेत बसतो. मार्च २०२३ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ हे मोठं यूट्यूब चॅनल असंच पळवलं गेलं. जाहिरातीच्या प्रस्तावाची म्हणून आलेली फाइल उघडली आणि तिने कुकी उचलल्या. असा संशय आला तर क्रम लक्षात ठेवा. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला, मग ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा, आणि त्यानंतर ईमेलमधले फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. चोर जाता जाता एक नियम लावून जातो: ‘सिक्युरिटी अलर्ट’ असलेली पत्रं थेट कचऱ्यात, किंवा प्रत्येक पत्राची प्रत भलत्या पत्त्यावर. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. जीमेलमध्ये फॉरवर्डिंगची सेटिंग फोनच्या ॲपमध्ये दिसत नाही, संगणकावरच बघावी लागते.

आता पासवर्डबद्दल थोडंसंच. लांबी महत्त्वाची, उद्गारचिन्हं आणि आकड्यांची कसरत फारशी नाही. दर तीन महिन्यांनी बदलायची सक्तीही निस्टने त्याच २०१७ च्या मार्गदर्शिकेत नको म्हटली, कारण माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि मोकळी होतात. प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड हवा, म्हणजे पासवर्ड मॅनेजर हवाच. पाठ करायचा तो एकच, मॅनेजरचा. त्यासाठी ७,७७६ शब्दांच्या यादीतून पाच फाशांनी एकेक शब्द काढत सहा शब्द निवडायची ‘डाइसवेअर’ पद्धत उत्तम. पासवर्ड ओळखणं किती अवघड हे बिटांत मोजतात, प्रत्येक बिटाने ते दुप्पट अवघड होतं. प्रत्येक शब्दाला साधारण १२.९ बिट, म्हणजे सहा शब्दांना ७७ च्या वर. शब्द फाशांनीच निवडा. मनाने निवडलेले शब्द यादृच्छिक नसतात.

मराठी शब्द घ्यायचा मोह चांगला आहे, पण त्यात एक खाच आहे. देवनागरीत ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य काही कीबोर्ड ‘ऱ’ हे एकच चिन्ह वापरून लिहितात, काही ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) जोडून, तर काही ‘र’ आणि हलन्ताला न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र तीन वेगळे मजकूर वाटू शकतात. शिवाय संगणक सुरू होतानाच्या लॉगिन पडद्यावर देवनागरी कीबोर्ड असेलच असं नाही. रोमन लिपीत लिहायचं तर ‘पाऊस’ तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतो, तेव्हा एकच तऱ्हा ठरवून तीच पाठ करा.

फोन बदलताना जुना फोन शेवटी पुसायचा. आधी नव्यावर ऑथेंटिकेटरची खाती हलवा, मग ईमेलमध्ये नव्या फोनवरच्या कोडने प्रत्यक्ष लॉगिन करून बघा, आणि तीन-चार दिवस जुना फोन तसाच ठेवा. तो एक्स्चेंजमध्ये द्यायच्या घाईत आधीच रीसेट केला, की उरतात फक्त बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना वापरायचे कोड.

ते कोड आधीच काढून ठेवलेले असायला हवेत. गूगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून किंवा हाताने लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा. फोनमध्ये नाही, आणि त्याच ईमेलमध्ये तर मुळीच नाही. कागदावर कोड काढल्याची तारीख लिहा, कारण नवा संच काढला की जुना पूर्ण रद्द होतो आणि घरात दोन कागद सापडले तर कोणता खरा हे कळायला तारखेशिवाय मार्ग नसतो. वापरलेला कोड तिथल्या तिथे खोडा. दोन-तीनच उरले की नवा संच काढा आणि जुना कागद फाडून टाका.