तारका कोण उलगडतं? फाइलशोधाची नोंद, आठवडा तिसरा

टर्मिनलमध्ये आज्ञा लिहून फाइली शोधायला शिकतोय. नावाच्या नमुन्यातली * (कितीही चिन्हं), ? (कुठलंही एक चिन्ह) आणि चौकोनी कंस आता हाताला बसले आहेत. [0-9] म्हणजे कुठलाही एक अंक, [!0-9] म्हणजे अंक सोडून कुठलंही एक चिन्ह. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली नुसत्या * ला सापडत नाहीत, ते टिंब आपणच टाइप करायचं.

या आठवड्याचा सगळा वेळ खाल्ला तो फाइंडने, म्हणजे फोल्डर आणि त्याच्या उपफोल्डरांत फाइली शोधणाऱ्या आज्ञेने. माझ्या टिपणांच्या प्रत्येक उपफोल्डरात नोंद-01, नोंद-02 अशा फाइली आहेत. वरच्या फोल्डरात मात्र एकच, नोंद-जुनी. तिथे उभं राहून लिहिलं (. म्हणजे हाच फोल्डर, -नेम म्हणजे नावाने शोध):

फाइंड . -नेम नोंद*

उत्तरात फक्त ./नोंद-जुनी. आतलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वर नोंद-नवी ही फाइल ठेवली, तर तीच आज्ञा चक्क एरर देऊन थांबली. कालपर्यंत चालणारी आज्ञा एका फाइलीने कशी मोडते? शेवटी पुढे एको, म्हणजे मिळेल ते नुसतं छापून दाखवणारी आज्ञा, लावून पाहिलं:

एको फाइंड . -नेम नोंद*
फाइंड . -नेम नोंद-जुनी नोंद-नवी

तारका फाइंडपर्यंत पोचतच नव्हती! शेल, म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, ती आधीच उलगडून समोर दिसणारी नावं हातात देत होतं. 'नोंद*' असं अवतरणात लिहिलं की शेल तिला हात लावत नाही आणि फाइंड प्रत्येक फोल्डरात स्वतः जुळवून बघतं. लगेच सगळ्या नोंदी मिळाल्या. 1971 च्या पहिल्या युनिक्समध्ये तर हे उलगडण्याचं काम ग्लोब नावाचा वेगळा प्रोग्रॅम करायचा. 'ग्लोबिंग' हा शब्द तिथूनच आला. मला ही रचना फार आवडते: एलएस (फाइलींची यादी) असो की आरएम (फाइली पुसणं), तारकेचा अर्थ सगळीकडे सारखाच. म्हणूनच आरएमला तारका देण्याआधी तोच नमुना मी एकोला देऊन बघतो.

आणखी एक शोध, खास देवनागरी नावं ठेवणाऱ्यांसाठी. ??-01 ने नोंद-01 सापडेना. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये न, ओकाराची मात्रा, अनुस्वार आणि द अशी चार चिन्हं आहेत. यूटीएफ-8 लोकेलमध्ये, म्हणजे भाषेची सेटिंग युनिकोडची असताना, प्रत्येक ? एक चिन्ह घेतं, म्हणून ????-01 लागलं. 'स्त्री' या एका अक्षराला सहा प्रश्नचिन्हं लागतात, कारण दोन्ही हलन्तही मोजले जातात.

पुढचा टप्पा **, म्हणजे उपफोल्डरांच्या आतपर्यंत जुळणारी दुहेरी तारका. बॅश या शेलमध्ये ती 4.0 पासून आहे, पण आधी शॉप्ट या आज्ञेने ग्लोबस्टार हा पर्याय चालू करावा लागतो.