मे महिन्यातली मंडळी

मे महिना, पहिला रविवार

आज आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेत निम्म्याहून जास्त बाकं रिकामी होती. शाळांचे निकाल लागले की आमची पांगापांग सुरू होते. कोणी राहुरीला, कोणी श्रीरामपूरला, कोणी नेवाशाकडे, कोणी जालन्याला. मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांपैकी पुष्कळांची मुळं नगर जिल्ह्यात आहेत. सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण आमच्या आजी-आजोबांच्या तोंडी अजून नगरच. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ साली सुरू झालं, नगरला १८३१ साली. १८७६-७८च्या दुष्काळानंतर तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या वाढल्या. पुढे त्याच घरांतली माणसं पोटापाण्यासाठी या शहरात आली आणि गिरण्यांत, रेल्वेत, महापालिकेत, इस्पितळांत कामाला लागली. त्यामुळे मे महिना म्हणजे गाव, हे आमच्या रक्तातच आहे. जाणाऱ्यांना मी आशीर्वाद देऊन पाठवतो, मुलांना सांगतो की आजीला बायबल वाचून दाखवा.

पण मे महिना म्हणजे मंडळीचीही सुट्टी, असं आमच्यातले बरेच जण धरून चालतात. भजनमंडळ बंद, तरुण संघ बंद, महिला मंडळाची प्रार्थना बंद, कमिटीची सभा जूनवर. हे मला पटत नाही. मागे राहतात तीही मंडळीच. आणि त्यांना भेटायला येणाऱ्या माणसाची सगळ्यात जास्त गरज याच दिवसांत असते, कारण बाकीचं येणं-जाणं आटलेलं असतं.

आज कोण होतं ते मनात धरून ठेवावं म्हणून लिहितो. डायलिसिसवर असलेले एक काका, त्यांना मुंबई सोडता येत नाही. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांना बसलेली दोन-तीन मुलं. रजा न मिळालेल्या सिस्टर. मराठी ख्रिस्ती घरांतून पिढ्यानपिढ्या मुली नर्सिंगला गेल्या आहेत आणि इस्पितळाला उन्हाळी सुट्टी नसते. आणि ज्यांना आता गावच उरलेलं नाही अशी म्हातारी माणसं. दाराशी एका आजींचा हात हातात घेतला तर म्हणाल्या, "पाळकसाहेब, गावाला आता आम्हाला ओळखतंय कोण? घर भावबंदांनी वाटून घेतलं. आमचं गाव म्हणजे हे देऊळ."

आमच्या मंडळीत जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.

बुधवार

घरभेटी. उन्हाळ्यात भेटींची वेळ नळावर ठरवावी लागते. पाणी येण्याच्या तासाला कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे या शहरात नवीन आलेल्या प्रत्येक पाळकाला मी आधी सांगतो. ड्रम भरायचे असतात, त्या वेळी घरातल्या बाईला प्रार्थनेला बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आज रविवारच्या त्या आजींकडे गेलो. चौथा मजला, लिफ्ट नाही, मधल्या जिन्यावर थांबून घाम पुसला. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवायचं ठरवलं होतं. याकोबाची विहीर, सहाव्या तासाची वेळ, म्हणजे भर दुपार, आणि पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री. या अध्यायावर उपदेश करताना आपण सगळे तिच्याबद्दल बोलतो, ती दुपारीच का आली, कुणाला चुकवून आली. प्रभू येशूबद्दल एक गोष्ट मात्र भराभर वाचून पुढे जातो. तो चालून थकला होता. त्याला तहान लागली होती. पाणी त्याने तिच्याकडे मागितलं.

आजींच्या घरात मीही आधी पाणी मागितलं. त्यांनी माठातलं दिलं, वाळा घातलेलं. मग म्हणाल्या, "सगळे मला काहीतरी द्यायलाच येतात. औषध, डबा, फळं. मागायला कोणी येत नाही." मी पेला परत पुढे केला आणि आणखी घेतलं. त्यांचा चेहरा असा फुलला की त्यापुढे मी उपदेशाचं काही बोललो नाही. अध्याय त्यांनीच वाचला, भिंग लावून, सावकाश.

म्हाताऱ्या माणसाला सतत घेणारा करून टाकण्यात आपण किती मोठी चूक करतो! मंडळीच्या सेवाकार्यात याचा विचार कुठेच नाही.

९ मे

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पुण्यतिथी. ते ९ मे १९१९ला मुंबईत प्रभूकडे गेले. त्यांचा बाप्तिस्माही मुंबईतच झाला होता, १० फेब्रुवारी १८९५ला. कोकणात जन्मलेला हा माणूस नगरला राहिला, साताऱ्याला त्याने ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला, पण आयुष्याची ही दोन दारं मात्र या शहराच्या बाजूला उघडली.

संध्याकाळी त्यांची भजनं म्हणायला बोलावलं होतं. पेटी वाजवणारे गावाला, तबलजी गावाला. जमलेली सगळी साठीच्या पुढची, शिवाय रात्रपाळीला निघालेली एक सिस्टर, गणवेशातच. मी पुस्तकं वाटायला लागलो तर एक काका म्हणाले, राहू द्या. आणि खरंच, त्यांना सगळं पाठ होतं, एकेका भजनाची सगळी कडवी. पेटी नसल्यामुळे सूर ज्याचा त्याचा, ताल टाळ्यांचा. टिळकांनी अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाने ख्रिस्त आपल्या भाषेत आणला तो अशाच गळ्यांसाठी, असं ऐकताना वाटलं. रविवारी माईक आणि कीबोर्ड लावून आपण जे करतो त्यात ही माणसं गप्प उभी असतात. आज कळलं की ती गप्प असतात ती गाता येत नाही म्हणून नव्हे.

शनिवार

दुपारी चारचं लग्न. उपवासकाळात आम्ही लग्नं लावत नाही, त्यामुळे ईस्टरनंतर रांग लागते. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात, म्हणजे उन्हं उतरल्यावर लावू म्हटलं तरी हातात फार वेळ नसतो. कोटातला नवरदेव घामाने भिजला होता, नवरीने वचन म्हणता म्हणता आपल्या रुमालाने त्याचं कपाळ पुसलं. प्रभू त्यांचं घर बांधो.

सोमवार ते शुक्रवार

मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, आपली व्ही.बी.एस. ज्यांच्या आईवडिलांना रजा नाही ती मुलं, आणि घरच्यांना विचारून शेजारच्या चाळीतली काही. कृतिगीतं, रंगकाम, मधल्या वेळेत कोकम सरबत. या वर्षी योनाची गोष्ट घेतली. मुलांना योनाला गिळणारा मासा हवा असतो, मी मात्र शेवटच्या अध्यायावर थांबलो, कारण तो उन्हाचा अध्याय आहे. देवाने माफ केलेल्या निनवे शहराबाहेर योना बसतो, देव त्याच्यावर सावलीसाठी वेल वाढवतो, किडा ती खातो, पूर्वेचा झळांचा वारा सुटतो आणि योना मरण मागतो. देव विचारतो, तुला या वेलीची कीव येते, मग एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांच्या या शहराची मला येऊ नये?

तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "पण योनाला ऊन लागतच होतं ना?"

मी म्हणालो, हो, लागतच होतं. त्याचं ऊनही खरं होतं, आणि देवाने त्याला रागावून हाकलून दिलं नाही, त्याच्याशी बोलत बसला. तिचा हा प्रश्न मी पुढच्या उपदेशासाठी ठेवला आहे.

मंगळवार

पहाटे फोन. आमच्यातले एक वृद्ध सेवानिवृत्त शिक्षक गेले. भाऊ-पुतणे सगळे गावी, दुपारपर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं, आणि या उकाड्यात फार थांबताही येत नाही. त्यांच्या पत्नीला, आमच्या बाईंना, एकच चिंता, शवपेटी उचलणार कोण? मी तरुण संघाच्या गटावर निरोप टाकला, उत्तरं आली ती नगरहून आणि जालन्याहून, हळहळ व्यक्त करणारी.

पेटी उचलली ती मागे राहिलेल्यांनी. रात्रपाळी संपवून थेट आलेल्या दोन सिस्टरनी दोन कोपरे धरले, प्रवेश परीक्षेच्या पोरांनी दोन. शिवडीच्या दफनभूमीत दुपारी दोनला माती तव्यासारखी तापली होती. डायलिसिसवाले काका छत्री घेऊन आले होते. ती त्यांनी बाईंच्या डोक्यावर धरली, स्वतः उन्हात राहिले. कितीही सांगितलं तरी ऐकेनात. "मास्तरांनी माझ्या मुलांना गणित शिकवलं, फी घेतली नाही," एवढंच म्हणाले.

पुनरुत्थानाची वचनं वाचताना माझा आवाज भरून आला.

रविवार

पावसाची प्रार्थना सुरू केली आहे. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून, तोवर तलावांतल्या साठ्याचे आकडे रोज छापून येत राहतील. मी प्रार्थनेत नावं घेतो, भातसा, तानसा, वैतरणा, मोडक सागर, विहार, तुळशी. सुरुवातीला काहींना नवल वाटलं. पण ज्या पाण्यावर आपण जगतो त्याची नावं देवापुढे घ्यायला काय हरकत आहे? आपल्या इथे पहिल्या मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल १८२६च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर कॉलऱ्याने गेले. पाण्याची प्रार्थना या मंडळीला नवी नाही.

कमिटीपुढे काय मांडायचं ते आज पक्कं केलं. एप्रिल आणि मेमध्ये उपासना साडेदहाऐवजी सकाळी आठला. ऊन हे कारण आहेच, पण रविवारी दुरुस्तीसाठी लोकल गाड्या थांबवणारा मेगाब्लॉक साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो. कल्याण-बदलापूरहून येणारी म्हातारी माणसं त्याआधी गाडीत बसली पाहिजेत. दुसरं, महिन्यातून एकदा घरोघरी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, चौथ्या मजल्यावरसुद्धा, आणि ते घेऊन जाणाऱ्यांत एक तरी तरुण हवा. तिसरं, भजनमंडळ मे महिन्यात बंद ठेवायचं नाही. पेटीशिवाय चालतं, हे ऐकून झालं आहे. आणि गावाला जाणाऱ्या प्रत्येक घराने निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या एका घराचा फोन नंबर घ्यावा, आठवड्यातून एकदा बोलावं.

सभा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तोवर थांबलो तर सगळे परतलेले असतील, शाळांची गडबड असेल आणि हा विषय पुढच्या उन्हाळ्यावर जाईल. म्हणून सेक्रेटरींना गावी फोन केला, सभा अलीकडे घेऊ म्हणालो. मास्तरांची बातमी त्यांनी ऐकली होती. गुरुवारच्या गाडीने येतो म्हणाले.