फुटाला काय भाव?

"तिकडे फुटाला काय भाव चाललाय?" पप्पांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं आणि मला उत्तर देता येईना. इथं इंग्लंडात घर फुटावर विकतच नाहीत. दोन बेडरूमचं, तीन बेडरूमचं, एवढंच सांगतात. एका एजंटला मी सवयीनं कार्पेट किती विचारलं, तर तो बिचारा जिन्यावरचा गालिचा दाखवायला लागला.

मी राहतो संडरलँडला, भाड्याच्या घरात. घर घ्यायचं मनात आल्यापासून शनिवारी आसपासची गावं पालथी घालतोय. त्यातलं एक हॉर्डन. 1964 मध्ये बंद झालेलं तिथलं स्टेशन 2020 मध्ये पुन्हा सुरू झालं, त्यामुळे आगगाडीनं जाता येतं.

हॉर्डन खाणीचं गाव. 1900 च्या सुमारास खाण खणायला घेतली, समुद्राच्या तळाखालून कोळसा काढला. भर होता तेव्हा सहा हजारांवर माणसं कामाला होती. कंपनीनं कामगारांसाठी एकाला एक चिकटून विटांच्या घरांच्या रांगा उभ्या केल्या आणि गल्ल्यांना नावं द्यायचाही कंटाळा केला. फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट, थर्ड स्ट्रीट... पाटी वाचून मला हसूच आलं. पहिली स्कीम, दुसरी स्कीम करत सहावीपर्यंत गेलेलं आमचं नाशिकचं सिडको दुसरं काय आहे? तेही सातपूर-अंबडच्या कामगारांना डोळ्यासमोर ठेवूनच वसलं. पप्पा सातपूरला नोकरीला लागले म्हणून आम्ही पाचव्या स्कीममध्ये आलो.

फरक पुढे आहे. हॉर्डनची खाण 1987 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी तेवढं काम देणारं काही आलंच नाही. पप्पांची कंपनीही बंद पडली, पण नाशकात माणसं येतच राहिली. पाथर्डी फाट्याच्या पुढे कुठं गाव संपतं ते आता मला सांगता येत नाही, आणि कुंभमेळा जवळ आला की जो तो जमिनीचंच बोलतो.

मी पाहिलेलं घर लिलावात होतं. बोली चाळीस हजार पौंडांच्या आसपास सुरू होणार, म्हणजे आपले साधारण पन्नास लाख. दोन मजली, मागं छोटं अंगण, अंगणात कोळशाची जुनी खोली. खाणकामगाराला घरचा कोळसा फुकट मिळायचा, तो मागच्या बोळातून यायचा. पप्पा म्हणाले, "घेऊन टाक!"

तेवढं सोपं नाही. हातोडा पडला की करार पक्का, दहा टक्के जागेवर, बाकीचे साधारण अठ्ठावीस दिवसांत. इतक्या स्वस्त घरावर कर्ज द्यायला बऱ्याच बँका कां-कूं करतात. घराखाली काय आहे तेही बघावं लागतं. वकील खाणीचा रिपोर्ट मागवतो, त्यात घराच्या हद्दीपासून वीस मीटरच्या आत जुन्या खाणीचं तोंड आहे का ते कळतं. आपण सात-बारा बघतो, हे पाताळ बघतात. समोरच्या रांगेत दोन घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. लांबच्या शहरातले लोक फोटो बघून अशी घरं लिलावात घेतात, भाडेकरू टिकत नाही, मग कुलूप. 2022 पासून अशा भागांत घर भाड्यानं द्यायला तिथल्या कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक प्रशासनाचं, लायसन्स लागतं.

पप्पांची खरी झोप उडवणारी गोष्ट वेगळीच होती. इथं कुठलं घर कधी, केवढ्याला विकलं गेलं ते 1995 पासूनचं सरकारी नोंदीत कुणालाही बघता येतं. शेजाऱ्यानं काय दिले, त्याच्या शेजाऱ्यानं काय दिले, सगळं. आपल्याकडे कागदावर एक आकडा, तोंडी दुसरा आणि चुलत्याला सांगायचा तिसरा. मी त्या घराच्या नोंदी वाचून दाखवल्या. 2007 मध्ये ते आजच्यापेक्षा बऱ्याच जास्त किमतीला गेलं होतं.

"चुकून उलटं वाचतोयस," पप्पा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"घराचा भाव खाली येतो?"

त्यांनी आईला हाक मारून बोलावलं आणि मला तिसऱ्यांदा वाचायला लावलं. आई म्हणाली, मग ज्यानं तेव्हा घेतलं त्याचं काय? मला काय ठाऊक. नोंदीत आकडा असतो, माणूस नसतो.

त्या लिलावात मी बोली लावली नाही. पण गाव डोक्यातून जात नाही. समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि मी पत्ता विचारल्यावर एका म्हातारीनं मला पार गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं, आपल्याकडे सोडतात तसं. येत्या शनिवारी तिथंच दुसरं एक घर बघायला जातोय, हे लिलावातलं नाही. पप्पांनी बजावलंय, पाऊस असेल त्या दिवशी जा, भिंतीला हात लावून बघ, ओल कळते.