एकच रेकॉर्ड सांगा, म्हणता?

"काका, शास्त्रीय ऐकायचंय, खरं कुठनं सुरू करू? एकच रेकॉर्ड सांगा बघू." इथं बेळगावच्या शहापुरात, टिळकवाडीत, खानापूरच्या एखाद्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हा प्रश्न येतो. आमच्याकडे रेकॉर्डींचं आणि कॅसेटींचं कपाट आहे, आणि मागितलं की मी ऐकायला देतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहूनच काढतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन'. जुनी, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणारी तबकडी. आता ती फोनवरही सापडते.

यावर माझे एक रसिक स्नेही दरवेळी हरकत घेतात. त्यांचं म्हणणं, मराठी कानाला नाट्यपदापासून सुरुवात करून द्यावी, तिथून माणूस आपोआप रागाकडे वळतो. आमच्या पिढीपुरतं ते खरं आहे. आमच्या घरात नाट्यपदं रेडिओवर सकाळ-संध्याकाळ लागायची, ती ऐकायला कुणाला वेगळं बसवावं लागलं नाही. आज विशीतल्या पोराला नाट्यपदही तितकंच नवं आहे. मग थेट खाँसाहेबांकडेच का जाऊ नये?

शिवाय ही तबकडी लहान आहे, हा तिचा मोठा गुण. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. मैफलीत तास-दीड तास गाणाऱ्या माणसाला कंपनीच्या माणसासमोर बसून ठरवावं लागायचं, काय ठेवायचं आणि काय सोडायचं. खाँसाहेबांनी ठेवला तो सूर. उंच पट्टीतला, बारीक, तंबोऱ्याला घट्ट चिकटलेला. नवख्या माणसाला राग ओळखता येत नाही, ताल मोजता येत नाही; पण असा सूर कानावर पडला की तो थांबतो. पुढचं सगळं या थांबण्यातूनच सुरू होतं, असं मी मनापासून मानतो.

याला मोठा दाखलाही आहे. गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा हीच ठुमरी ऐकून अस्वस्थ झाला आणि 1933 साली गुरूच्या शोधात घरातून निघून गेला, असं सांगतात. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. घरातून पळून जा असं मी कुणाला सांगत नाही, पण तीन मिनिटांत काय होऊ शकतं ते यावरून कळावं.

वडगावचा एक तरुण मध्यंतरी आला होता. घरी माग आहेत, दिवसभर कानात त्यांचा खडखडाट. म्हणाला, शांत काहीतरी ऐकवा. मी तबकडी मऊ फडक्यानं गोल फिरवत पुसली. पोलादी सुई बदलली. ती प्रत्येक बाजूला नवी लावावी लागते, बोथट सुई तबकडीची चर खरवडून काढते. मग हँडल फिरवून चावी दिली आणि सुई अलगद टेकवली. आधी खरखर, मग त्या खरखरीतून वर येणारा तो आवाज. मी एक शब्द बोललो नाही. रागाचं नाव सांगितलं नाही, घराणं सांगितलं नाही. बाजू संपली तसा तो म्हणाला, "परत लावा की." परत लावली. तिसऱ्यांदाही लावली. मग म्हणाला, "शब्द कळंनात, खरं थांबू नये वाटूलालंय." त्यानंतर मी त्याला झिंझोटी हे नाव सांगितलं. आधी सांगितलं असतं, तर तो गाणं सोडून नावच ऐकत बसला असता.

म्हणून माझा आग्रह असतो की पहिलं ऐकणं एकत्र बसून व्हावं. नुसती फोनवर लिंक पाठवली की ती उरलेल्या शंभर निरोपांत बुडून जाते. समोर बसलेला माणूस कुठे मान हलवतो, कुठे चुळबुळतो, हे पाहून पुढची तबकडी निवडता येते. ज्याला खाँसाहेबांचा आवाज फारच पातळ वाटला, त्याला मी लगेच त्याच घराण्याच्या गंगूबाई हनगल लावतो.

तिथं एक गंमत आहे, ती जरूर करून पाहा. गंगूबाईंच्या 1930च्या दशकातल्या सुरुवातीच्या रेकॉर्डी मिळवा, ज्यांच्या लेबलवर 'गांधारी' हे नाव छापलेलं असायचं. कोवळा, चढा आवाज. त्यांत मराठी भावगीतंही आहेत. मग त्यांची पुढच्या काळातली एखादी एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी मोठी तबकडी, लावा. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो आवाज खाली उतरला, रुंद झाला, इतका भारदस्त की नवखा माणूस विचारतो, हे बाई गाताहेत? दोन्ही रेकॉर्डी एकामागून एक ऐकल्या की कळतं, आवाज पार बदलला तरी स्वर लावण्यातली ती सबुरी तशीच आहे. किराणा घराणं म्हणजे काय, हे मी व्याख्यान देऊन सांगत नाही. या दोन रेकॉर्डी सांगतात.

आणि हे सगळं आपल्या दारातलं आहे, हे बेळगावकरांनी विसरू नये. मिरजेहून हुबळीला जाणारी गाडी आपल्या स्टेशनातून जाते. त्या लाइनीच्या एका टोकाला मिरज. खाँसाहेब तिथं राहिले, 1937 साली गेल्यावर तिथल्याच दर्ग्यात त्यांना दफन केलं, आणि उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. दुसऱ्या टोकाला हुबळी, त्याच्या पलीकडे कुंदगोळ, म्हणजे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांचं गाव. गंगूबाई आणि भीमसेन दोघंही सवाई गंधर्वांकडे शिकले. मधे आपण. आपल्या अगदी जवळच्या सुळेभावीत 1924 साली कुमार गंधर्व जन्मले, आणि ते तर लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचे. पुढे त्यांनी कुणाचीच नक्कल केली नाही, हे विशेष. पण कान तयार झाला तो तबकडीवर.

आमच्याकडे भाषेवरून काय काय होतं ते जगाला माहीत आहे. या कपाटात मात्र भीमसेनजींचे अभंग आणि त्यांचीच कन्नड दासरपदं, म्हणजे तिकडच्या हरिदास संतांची पदं, एकाच फळीवर आहेत. दासरपदं न्यायला येणारे कानडी शेजारी जाताना अभंगही नेतात. मला यात फार समाधान आहे.

आता देण्याघेण्याबद्दल थोडं, कारण तेही विचारलं जातं. तबकडी मी घराबाहेर देत नाही. लाखेची असते, पडली की तुकडे. कॅसेट देतो, पेन ड्राइव्हवर भरून देतो. कुणी घरगुती मैफलीत केलेलं खाजगी रेकॉर्डिंग असेल, तर ज्यांनी मला दिलं त्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही. आणि सोबत एक चिठ्ठी असते: गायक, राग, साथीला कोण, कुठली मैफल, कुठलं साल. जे नक्की माहीत नाही ती जागा कोरी. तुम्हीही असंच करा, ही कळकळीची विनंती. हल्ली चुकीच्या नावानं फिरणारी रेकॉर्डिंग्ज इतकी झालीत की बागेश्रीवर रागेश्री लिहिलेलं असतं, आणि नवखा माणूस तेच डोक्यात घेऊन बसतो. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या, तेव्हा गाणं संपताना त्यांनी आपलं नाव स्वतः उच्चारून ठेवलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, आणि तिथल्या माणसांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून. तेवढी काळजी आपण एक फाइल पुढे पाठवताना घ्यायला काय हरकत आहे?

अजून एक. जुन्या तबकडीची फाइल ऐकताना पट्टी ताडून पाहायला तंबोऱ्याचं अ‍ॅप जवळ ठेवा. सगळ्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर भरलेल्या नसायच्या. उतरवून घेताना वेग चुकला की पट्टी सरकते आणि गायकाचा आवाज उगाच चिरका होतो. खाँसाहेबांवर असा अन्याय पुष्कळ झालाय. आवाज खटकला तर दुसरीकडून उतरवलेली फाइल शोधा. गाणं तेच, माणूस वेगळा वाटेल.

राहिले मल्लिकार्जुन मन्सूर. धारवाडजवळच्या मन्सूरचे. माझ्या मते या सगळ्या मुलखातला सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत भरलेला गवई. त्यांची रेकॉर्ड पहिली म्हणून मी कुणालाही देत नाही. जयपूर-अत्रौली घराण्याची ती गुंतागुंत, अनवट म्हणजे क्वचित गायले जाणारे राग, आणि मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीवर, येण्याची अशी घाई की कान मागेच राहतो. पण चार-सहा महिने झिंझोटी, गंगूबाई, भीमसेन असं ऐकून झालं की या. शिवमत भैरव लावू. सकाळी या, तो राग सकाळचा आहे. आणि घाईत येऊ नका, कारण ती बाजू एकदा ऐकून कुणी उठल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.