सातबारा, सुकेळी आणि लिस्बन

वसईतल्या आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, तेरा पोरांना जागतिक युवा दिनासाठी लिस्बनला न्यायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं होतं की मुख्य काम प्रार्थनेचं आणि गाण्यांचं असेल. प्रत्यक्षात पहिले तीन महिने एका अ‍ॅपॉस्ट्रॉफीने खाल्ले.

वसईतल्या कॅथलिक घरांत आडनाव कानाने चालतं, कागदाने नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर त्या वेळच्या फादरांनी एका स्पेलिंगने लिहिलेलं, शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांच्या मर्जीने दुसरं, आधारवर तिसरंच. एका घरात बाप लोपीस आणि पोरगा लोपेस. डिसोझांचं तर विचारूच नका. कुणाचा 'डि' सुटा, कुणाचा चिकटलेला, कुणाच्या डोक्यावर अ‍ॅपॉस्ट्रॉफी. पासपोर्टात ते चिन्ह येत नाही, बँकेच्या पासबुकात मात्र ठसठशीत बसलेलं. मी शाळेत मराठी शिकवते. शुद्धलेखनाच्या वह्या तपासायची सवय होती म्हणून तग धरला. चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबल मांडून मी एकेका पोराचे सगळे दाखले शेजारी शेजारी लावायचे आणि लाल पेनाने गोल करत जायचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जागतिक युवा दिन हा कॅथलिक तरुणांचा मोठा मेळावा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो सुरू केला, पहिला १९८६ साली साजरा झाला. आता दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या देशात भरतो, शेवटी स्वतः पोप येतात. लिस्बनचा मेळावा २०२२ साली व्हायचा होता, कोविडमुळे वर्षभर पुढे गेला आणि १ ते ६ ऑगस्ट २०२३ अशा तारखा ठरल्या. पोप फ्रान्सिस यांनी २३ ऑक्टोबर २०२२ ला रोममध्ये खिडकीत उभं राहून टॅबलेटवर स्वतःचं नाव नोंदवलं. तो व्हिडिओ आमच्या युवा ग्रुपवर आला आणि त्याच संध्याकाळी पोरं माझ्या दारात. "टीचर, पोपने पण फॉर्म भरला. आपण कधी भरायचा?"

पोपना युरोपात शिरायला लागणारा शेंगेन व्हिसा लागत नाही, हे मी तेव्हा बोलले नाही.

व्हिसासाठी विमा हवा, तोही किमान तीस हजार युरोंचा. तिकिटाचं बुकिंग, राहण्याची सोय, बिशपांचं पत्र, बँकेची उलाढाल आणि पालकांची आयकर विवरणपत्रं. शेवटच्या गोष्टीशी आमची गाडी अडली. गटातली एक मुलगी, अगदी गप्प, चर्चला येऊन मागच्या बाकावर बसणारी. तिच्या वडिलांची केळीची वाडी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग विवरणपत्र कुठून आणायचं? वडील म्हणाले, "टीचर, माझ्याकडे सातबारा आहे, तो चालेल?" आम्ही तलाठ्याकडून ताजा उतारा आणला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. 'पिकाखालील क्षेत्र', 'जलसिंचनाचे साधन: विहीर' हे सगळं पोर्तुगालला जाण्यासाठी इंग्रजीत उतरवताना मला मधेच हसू फुटलं. पण ती वाडी हाच तिच्या परत येण्याचा पुरावा होता, आणि तो बँकेतल्या आकड्यांपेक्षा खरा होता. तिच्या आडनावाची स्पेलिंगं चार निघाली. प्रतिज्ञापत्र करायला ती माझ्याबरोबर चार वेळा वसई कोर्टाजवळच्या टायपिस्टकडे आली. चारही वेळा रिक्षात एक शब्द बोलली नाही.

पैशाचं सांगायचं तर माणशी दोन लाखांच्या आसपास खर्च होता. निम्मा घरून, बाकीचा आम्ही उभा केला. फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, करून विकले, मे महिन्यात लग्नांच्या बँडमध्ये वाजवून गटातल्या ट्रम्पेटवाल्या पोराने आपली सगळी बिदागी गटाच्या डब्यात टाकली.

आता तयारीचं. मी फार हौसेने बारा रविवारांचा आराखडा केला होता. लिस्बनचं घोषवाक्य लूकच्या शुभवर्तमानातलं होतं, मरिया उठली आणि लगबगीने निघाली. मी त्यावर टिपणं काढली, चर्चेचे प्रश्न काढले. पहिल्या दोन रविवारी पोरं अशी बसली जणू दहावीची जादा तुकडी. तिसऱ्या रविवारी एकाने सरळ विचारलं, "टीचर, ते सगळं ठीक. पण तिथे कुणी विचारलं की तुम्हाला ख्रिस्ती आम्हीच केलं ना, तर काय सांगायचं?"

हॉलमध्ये एकदम जाग आली. मला कळलं की हीच गाठ आहे. इथे कॉलेजात त्यांना विचारतात, तुम्ही मूळचे कोण? नाव असं कसं? मराठी इतकं चांगलं कसं बोलता? आणि आता ज्या पोर्तुगीजांकडून ही आडनावं आली त्यांच्याच घरी झोपायला जायचं होतं. टिपणं मी पिशवीत घातली. पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन वसईच्या किल्ल्यात गेले.

किल्ला आम्ही सगळ्यांनी हजारदा पाहिलेला, म्हणजे फोटो काढायला. त्या दिवशी नीट पाहिला. पडक्या चर्चमधल्या फरशीवर पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यावरची नावं पोरं बोटाने वाचू लागली आणि दोघांना आपलंच आडनाव सापडलं. मी त्यांना जेवढं पक्कं माहीत होतं तेवढंच सांगितलं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. इथल्या चर्चच्या घंटा पेशव्यांच्या सरदारांनी नेल्या, त्यातली एक आजही नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेली आहे. पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी जॉर्डनस नावाचे एक डॉमिनिकन धर्मगुरू सोपाऱ्याला येऊन गेले होते. आणि आपला संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मला, जपानात व्यापार केला, फ्रान्सिस्कन साधू झाला आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला.

ट्रम्पेटवाला तटावर बसून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे १७३९ ला ते गेले. आपण नाही गेलो."

मी त्याला म्हटलं, हे लिहून ठेव. त्यानंतरचे सगळे रविवार याच एका वाक्याभोवती गेले. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, मी कोण, माझं घर काय करतं, मी का प्रार्थना करतो. आधी कादोडी या आमच्या घरच्या बोलीत, मग मराठीत, मग इंग्रजीत. घरच्या बोलीत सगळे मोकळे, इंग्रजीत शिरताच सगळे 'ब्लेस्ड' आणि 'ग्रेटफुल' होऊन बसायचे. इंग्रजी फाडफाड बोलणारी तीन पोरं सगळ्यांत पोकळ बोलली, हे मला आजही बोचतं, कारण ती माझ्याच शाळेतली. वाडीतली मुलगी उभी राहायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि बसायची. शेवटी मी तिला सूट दिली. सगळ्यांनी बोललंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

चालण्याचा सराव मात्र मी सोडला नाही. शेवटच्या रात्री सगळे यात्रेकरू पाठीवर सामान घेऊन चालत तेजो नदीकाठच्या मैदानावर जातात आणि उघड्यावर झोपतात, हे आधीच ठाऊक होतं. म्हणून मे महिन्यात पहाटे चारला, पाठीवर सहा-सहा किलोच्या बॅगा घेऊन गावापासून निर्मळपर्यंत आणि परत. दोन पोरींच्या नव्या बुटांनी टाचा फोडल्या. एक रात्र शाळेच्या मैदानात चटया टाकून झोपलो. झोपलो म्हणजे डास मारले.

जूनअखेर पासपोर्ट परत आले. तेरातले अकरा व्हिसा लागून, दोन नकाराच्या छापील कागदासह. त्या कागदावर कारणांची यादी असते आणि त्यातल्या एका चौकोनात खूण केलेली असते. दोघांचीही खूण एकाच चौकोनात होती, अर्जदार मुदतीत परत जाईल याबद्दल शंका. त्यातला एक आमचा ट्रम्पेटवाला. 'आपण नाही गेलो' म्हणणारा. अपील करायला वेळ नव्हता. मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो ट्रम्पेटला ब्रासो लावत बसला होता. त्याच्या आईने चहा ठेवला. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी कागदपत्रांत आपलं काय चुकलं असेल ते मोजत बसले. तो म्हणाला, "टीचर, माझं ते दोन मिनिटांचं भाषण कुणीतरी बोला मग." जुलैतल्या त्या मुसळधार रात्री टेम्पोने विमानतळापर्यंत आमच्या बॅगा पोचवायला तो आला. उतरवल्याही त्यानेच.

सामानाची एक गंमत. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, सुकी मासळी मात्र चालते. हे सांगितल्यावर बोंबील भरून द्यायला आयांची रांग लागली. मी हात जोडले, तो वास विमानात मला एकटीला निस्तरायचा होता. शेवटी प्रत्येकाबरोबर फक्त सुकेळीचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, एक पुडकं. पावसाआधी वाळवलेली, वाडीतल्या मुलीच्या घरची.

लिस्बनबद्दल सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच. ३ ऑगस्टला एदुआर्दो सातव्याच्या बागेत पोप "तोदुश, तोदुश, तोदुश" म्हणाले, चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, सगळ्यांना, आणि गर्दीने ते परत त्यांच्याकडे ओरडून दिलं. धर्मगुरूंसमोर पापांची कबुली द्यायच्या दीडशे लाकडी कोठड्या तुरुंगातल्या कैद्यांनी बनवल्या होत्या. शेवटच्या मिस्साला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, पंधरा लाख लोक होते म्हणतात. आमच्या नजरेला पडले ते पुढचे दोनशे आणि एक मोठा पडदा. पहाटे एका धर्मगुरूंनी डीजे होऊन ढणढण संगीत लावलं, तेव्हा माझी अकराही पोरं ताडकन उठली. निर्मळच्या पहाटेला मी इतकं ओरडूनही उठत नव्हती. ट्रम्पेटवाल्याची दोन मिनिटं आम्ही एका फिलिपिनो गटासमोर वाचून दाखवली. कुणीही आम्हाला तो प्रश्न विचारला नाही. तुम्हाला ख्रिस्ती कुणी केलं, हे विचारायला कुणाला सवडच नव्हती.

त्याआधीचा आठवडा मात्र माझ्या मनात जास्त राहिला. २६ ते ३१ जुलै सगळे गट वेगवेगळ्या धर्मप्रांतांत घरांघरांत राहतात. आम्ही उत्तरेला ब्रागाच्या बाजूला एका लहान गावात होतो. मी आणि वाडीतली मुलगी एका सत्तरीच्या बाईंकडे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला पोर्तुगीज. पहिल्या संध्याकाळी तिघी स्वयंपाकघरात एकमेकींकडे पाहून हसत बसलो. माझी टिपणं, १५३४, १७३९, सगळं त्या ओट्यापाशी कुचकामी.

बाईंनी सोलायला बटाटे काढले. म्हणाल्या, "बताता."

मुलीने मान वर केली. "बटाटा," ती म्हणाली. मग टोपलीतल्या पावाकडे बोट केलं, "पाव." बाईंचा हात सोलणीवर थांबला. "पांव!" मग ती मुलगी उठलीच. दारातली चावी, त्या म्हणाल्या शाव्ह. कोपऱ्यातली बादली, बाल्द. मोरीवरचा साबण, सबांव. परसातली कोबी, कोव्ह. भिंतीतलं कपाट उघडून ती "अलमारी" म्हणाली तेव्हा बाई एप्रनने डोळे पुसत हसत होत्या. परात आणि प्रातु यावर दोघींचा थोडा वाद झाला, कारण त्यांची प्रातु म्हणजे साधी ताटली. चारही वेळा रिक्षात गप्प बसलेली ही पोरगी घरभर फिरत होती आणि मी बटाटे सोलत होते.

शेवटी तिने बॅगेतून पुडकं काढलं, वरचं सुकं केळीचं पान सोडवलं आणि एक काळपट तुकडा बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी वास घेतला, खाल्ला, डोळे मिटले. मग भुवया उंचावून विचारलं, याला काय? यासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता.

"सुकेळी."

बाईंनी काचेची बरणी धुऊन पुसली, तुकडे आत रचले आणि कागदाची पट्टी कापून त्यावर नाव लिहिलं. क त्यांनी क्यूने लिहिला, मधल्या अक्षरावर एक तिरकी रेघ दिली आणि ळ चा सरळ ल केला. मग बरणी आमच्या समोर धरली, बरोबर आहे ना अशा नजरेने.

एकाच आडनावासाठी चार प्रतिज्ञापत्रं केलेली ती मुलगी पट्टीकडे बघत राहिली. मग त्यांच्याच भाषेत हो म्हणाली, "सीं." आणि डिंकाची बाटली पुढे सरकवली.