चौदाच्या दोन वाकड्या पान्यांपासून : आमची वाटचाल

आमच्या गॅरेजच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात नट-बोल्ट फिरवायचे दोन पाने टांगलेले आहेत. दोन्ही चौदा नंबरचे, दोन्ही वाकडे. नवीन आलेली पोरं विचारतात, खराब पाने इथे कशाला ठेवलेत? ते खराब नाहीत. आमच्या उस्तादांनी लोहाराच्या भट्टीत लाल करून, स्वतः अंदाज घेत घेत ते वाकवलेले आहेत. मर्सिडीज २४० डीचे व्हॉल्व्ह सेट करायचे तर सरळ पाना आत फिरत नाही. एका पान्यानं चेकनट धरायचा, दुसऱ्यानं वरची कॅप फिरवायची आणि मध्ये फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवून बघायचा. इनटेकला ०.१०, एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर, इंजिन पूर्ण थंड. फिलर हलका अडकत, जरा ओढ देत बाहेर आला की झालं. कंपनीचे असे पाने मिळायचे, पण जर्मनीहून. त्या काळी पुण्यात बसून ते मागवणार कोण आणि किती महिने वाट बघणार? उस्ताद म्हणाले, "साहेब, दोन साधे पाने आणा." आमचा धंदा तिथून सुरू झाला.

टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात मर्सिडीजची जुळणी सुरू व्हायला तेव्हा अजून काही वर्षं होती. मी, उस्ताद आणि पत्र्याची एक शेड. भागीदारीचा कागद केला नाही. भांडवल माझं, हात त्यांचा, नफा निम्मा-निम्मा. त्या दिवसापासून आजपर्यंत हिशोबावरून आमच्यात एकदाही आवाज चढलेला नाही, हे मी अभिमानानं लिहितो.

परदेशी गाडी तेव्हा रस्त्यावर दिसली तर लोक थांबून बघत. ती यायची दोन वाटांनी. एक, दिल्लीत वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या एसटीसी, म्हणजे सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. दुसरी, आखातातून कायमचे परतणारे लोक आपली गाडी टीआरवर, म्हणजे ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सच्या सवलतीत घेऊन यायचे. आखातातली गाडी म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे अशा गाडीला इशारा देणारं यांत्रिक किंवा विजेवरचं साधन चालू स्थितीत असावंच लागतं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांचे इंडिकेटर मेलेले असायचे, कारण रिले जळाला की इकडे मिळायचा नाही. आम्ही ट्रकचा रिले बसवून, वायरिंग बदलून ते चालू करत होतो.

अशा बाजारात गाडी घेणं सोपं असतं, गाडी बाळगणं अवघड असतं. ज्या माणसाला हे कळलं त्याची गाडी तीस वर्षं चालली. ज्याला कळलं नाही त्याची सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली कुजली.

आमचे डॉक्टरसाहेब पहिल्या प्रकारातले. आखातातल्या एका इस्पितळात त्यांनी नोकरी केली आणि परतताना क्रीम रंगाची २४० डी आणली. पहिल्यांदा आमच्याकडे आले ते भर दुपारी, चालू गाडी घेऊन. किल्ली काढून हातात धरलेली आणि इंजिन मजेत चालू. दोन गॅरेजवाल्यांनी त्यांना इग्निशन स्विच बदलायला सांगितला होता. उस्तादांनी किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, इंजिनवरचा स्टॉपचा खटका अंगठ्यानं दाबला, गाडी शांत. मग म्हणाले, "डॉक्टर, दरवाजांची लॉकं पण नीट लागत नसतील ना?" डॉक्टर चकित झाले. त्या गाडीत इंजिन बंद होतं व्हॅक्यूमवर आणि चारी दरवाजांची लॉकंही व्हॅक्यूमवर चालतात. मागच्या दारातल्या रबरी डायफ्रॅमला चीर होती, तिथून हवा खेचली जात होती. स्विच बदलला असता तर दोन हजार फुकट गेले असते.

त्या डायफ्रॅमसाठी मी नाना पेठ पालथी घातली, मग मुंबईला ऑपेरा हाऊसच्या स्पेअरवाल्यांकडे गेलो, शेवटी कुर्ल्याला भंगारात एका अपघाती गाडीच्या दारात तो मिळाला. पण इंजिनच्या बाबतीत देव आमच्या बाजूनं होता. २४० डीचं ओएम ६१६ इंजिन बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यानं इथेच बनवायला घेतलं होतं. ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये तेच बसायचं. बाहेरची जोडणी वेगळी, पण आतला बराचसा माल टेम्पोच्या दुकानात मिळायचा. जो माल मर्सिडीजचा म्हणून मागितला की महिने लागायचे आणि सोन्याच्या भावात पडायचा, तो टेम्पोचा म्हणून मागितला की संध्याकाळपर्यंत हातात. कुठला भाग कुठल्या देशी गाडीचा चालतो, याची उस्तादांनी एक वही केली होती. स्वतःचे आकडे, स्वतःची खूण. ती वही म्हणजे आमचं खरं भांडवल.

पुढची बरीच वर्षं चांगली गेली. शेड गेली, गाळा झाला, शेजारचा दुसरा गाळा घेतला, गाडी उचलायची टू-पोस्ट लिफ्ट बसवली. २००१ च्या एप्रिलमध्ये आयातीवरचे निर्बंध उठले आणि आम्ही दुरुस्तीबरोबर खरेदी-विक्रीतही उतरलो. जुन्या गाडीला अटी कडक होत्या: उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली, उजव्या हाताचं स्टिअरिंग, स्पीडोमीटर किलोमीटरचा, हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे, उतरणार फक्त मुंबई बंदरात, आणि अशा गाड्यांची चाचणी पुण्याला एआरएआय नाहीतर नगरला व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेत. वर सीमाशुल्क, जे पुढे मूळ दरानंच १२५ टक्क्यांपर्यंत गेलं. नियम वाचला की कळतं, इंग्लंडच्या गाडीचा काटा मैलांत, आखाताची गाडी डाव्या हाताची, मग सगळ्या अटींत सरळ बसणारी उरते ती मुख्यतः जपानची. म्हणून आमच्या धंद्यात जपानी माल जास्त.

आता त्या प्राडोबद्दल, जिच्यावरून बाजारात आमचं नाव खराब केलं गेलं.

२०१२ ची दिवाळी जवळ आली होती. आमच्याकडे हाताखाली चार वर्षं शिकलेला एक मुलगा होता. पाना कसा धरायचा इथपासून त्याला उस्तादांनी शिकवलं. पुढे त्यानं स्वतःचं काचेचं शोरूम टाकलं, आम्ही उद्घाटनाला गेलो, नारळ मी फोडला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्यानं फोन केला, "काका, लँड क्रूझर प्राडो आहे, दुसऱ्या राज्याचं पासिंग आहे, एनओसी तयार आहे, तुमच्याकडे गिऱ्हाईक असेल." गिऱ्हाईक होतं. सत्तावीस लाखांना सौदा ठरला.

गाडी आली. मी इंजिन ऐकलं, उस्तादांनी पेंटचा मीटर फिरवला. सगळीकडे सव्वाशे-दीडशे मायक्रॉन, म्हणजे कंपनीचाच रंग, लांबी (पुट्टी) कुठेही भरलेली नाही. मग उस्ताद आत बसले आणि रेडिओ लावला. आकडे ७६ पासून सुरू होऊन ९० ला संपत होते. जपानात एफएमचा पट्टा तेव्हा तसा असायचा, आपली बहुतेक स्टेशनं त्याच्या वर. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला ऑइल बदलल्याची चिकटपट्टी, अक्षरं जपानी. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवरचं साल आणि आरसीवरचं साल यांत फरक. उस्ताद खाली उतरले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, हा म्हणतो गाडी नवीन आली. ही जपानात फिरून आलेली आहे. बिल ऑफ एंट्री बघितल्याशिवाय पैसे देऊ नका."

बिल ऑफ एंट्री म्हणजे गाडी बंदरात उतरताना कस्टमकडे भरलेला आयातीचा कागद. मी तो मागितला. तो मुलगा म्हणाला, दोन दिवसांत देतो, मूळ मालकाकडे आहे. आणि एका कोऱ्या लेटरहेडवर लिहून दिलं, "कागद पूर्ण, जबाबदारी आमची." खाली सही. मी पैसे दिले. घरच्या पोरावर ठेवतात तसा विश्वास होता.

तीन महिन्यांनी आमच्या गिऱ्हाइकाच्या पार्किंगमधून गाडी जप्त झाली. पंचनामा झाला, मग सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०८ खाली मला जबाबासाठी बोलावणं आलं. गाडी टीआरवर आणलेली होती. पासपोर्ट एकाचा, पैसा दुसऱ्याचा, आणि ज्याच्या नावावर आली त्यानं ती कधी चालवलेलीसुद्धा नाही. साल खोटं, किंमत कमी दाखवलेली. त्या खोलीत मी पाच तास बसलो. मला विचारणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल तक्रार नाही, त्यांनी पाणी दिलं, नीट बोलले. पण बावीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला "तुम्ही बिल ऑफ एंट्री न बघता गाडी घेतली?" असं विचारल्यावर उत्तर नसतं.

लोकांना वाटतं, आपण प्रामाणिकपणे विकत घेतली म्हणजे आपण सुटलो. तसं नाही. शुल्क बुडवून आलेली गाडी कितीही हातांतून फिरली तरी जप्त होऊ शकते. कलम १२५ खाली दंड भरून सोडवता येते, पण दंड आणि शुल्क मिळून आकडा गाडीच्या किमतीच्या वर जात होता. आम्ही गाडीवर पाणी सोडलं. गिऱ्हाइकानं आम्हाला साडेएकोणतीस लाख दिले होते. त्यांच्या वकिलाची नोटीस येण्याआधी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, पै न पै परत करीन. चार महिन्यांत केले. शेजारचा गाळा विकला. लिफ्ट विकली. ज्या दिवशी लिफ्टचे बोल्ट काढले त्या दिवशी उस्ताद जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुन्या पिटवरच्या, म्हणजे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावरच्या फळ्या त्यांनी स्वतः काढल्या, आत उतरले आणि कामाला लागले. सहा महिने त्यांनी आपला हिस्सा उचलला नाही.

आणि तो मुलगा? त्यानं फोन उचलणं बंद केलं. मग बाजारात सांगत सुटला की गाडी त्याची नव्हतीच, त्यानं फक्त ओळख करून दिली. वर असंही, की "काकांकडे कस्टमच्या भानगडीच्या गाड्या असतात, जपून घ्या." पैशाचं नुकसान भरून निघालं. त्याचं ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. दोन जुन्या पार्ट्यांनी टोकन परत मागितलं. सकाळी शटर उघडायचं आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत बसायचं, असे दिवस आले.

तेव्हा डॉक्टरसाहेबांनी एक गोष्ट केली. रोज सकाळी ते आपली क्रीम मर्सिडीज आमच्या दारात, रस्त्यावरून दिसेल अशी उभी करायचे आणि दवाखान्यात चालत जायचे. संध्याकाळी चालत येऊन घेऊन जायचे. गाडीला काही काम नसायचं. पहिल्या दिवशी मी विचारलं तर म्हणाले, "असू दे हो, इथे सावली बरी आहे." आमच्या दारात सावली दुपारी चारनंतर येते. जवळजवळ वर्षभर त्यांनी हे केलं. ती गाडी पुण्यात सगळ्यांना माहीत होती, डॉक्टर सगळ्यांना माहीत होते. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं.

आता आयात केलेली जुनी गाडी कोणी घेत असेल तर आमचं ऐकून ठेवा. आरसी बुक आणि मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर समाधान मानू नका. आरसी म्हणजे आरटीओनं त्यांच्यापुढे आलेले कागद बघून केलेली नोंद. बिल ऑफ एंट्रीची प्रत हातात घ्या, त्यावरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः बोट फिरवून जुळवा, अक्षरन् अक्षर. जपानी बाजारातल्या गाडीला सतरा आकडी व्हीआयएन नसतो, छोटा फ्रेम नंबर असतो, त्यामुळे "नंबर अपुरा आहे" म्हणून घाबरू नका आणि "सतरा आकडी आहे" म्हणून भुलूही नका. गाडीचं खरं साल काचांवरच्या खुणा, सीटबेल्टची पट्टी, टायरवरचे चार आकडे या सगळ्यांतून मिळून काढायचं. एकटा टायर काही सांगत नाही, तो बदललेला असतो. टीआरची गाडी असेल तर विक्रीवर काही अट होती का आणि ती पाळली गेली का, हे लेखी मागा. दिल्लीहून एनओसीवर स्वस्तात येणाऱ्या डिझेल गाड्यांचं वेगळं आहे. २०१५ ला तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचा आदेश आला, तेव्हापासून त्या इकडे येऊ लागल्या. त्यात गैर काही नाही, पण इथला कर भरून नवीन नोंदणी होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आणि गाडी घेण्याआधी तिचा एक हेडलाइट आणि एक गिअरबॉक्स सील कुठे, किती दिवसांत मिळेल ते फोन करून विचारा. उत्तर मिळालं नाही तर गाडी कितीही देखणी असो, घेऊ नका.

लिफ्ट आम्ही चार वर्षांनी परत घेतली, आधीपेक्षा मोठी. गाळा मिळाला नाही. उस्तादांना आता नीट दिसत नाही, पण खुर्चीत बसून इंजिन ऐकतात आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट ढिला आहे हे सांगतात. त्यांच्या वहीची दुसरी प्रत माझ्या मुलीनं कॉम्प्युटरवर केली आहे. डॉक्टरसाहेब गेले. गाडी त्यांचा मुलगा चालवतो आणि वर्षातून एकदा व्हॉल्व्ह सेटिंगला आणतो. तेव्हा कपाटातले ते दोन पाने बाहेर निघतात.

आणि ते लेटरहेड. "कागद पूर्ण, जबाबदारी आमची," खाली तारीख आणि सही. तो माणूस अजून सांगतो की असं काही त्यानं दिलंच नव्हतं. कागद आमच्या ऑफिसात, टेबलाच्या उजव्या खणात, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. ज्यांना बघायचा असेल त्यांनी कामाच्या वेळेत यावं, मी स्वतः काढून दाखवीन.