शनिवार गॅरेजमध्ये गेला

नखांतलं काळं अजून निघत नाहीये. पोळीला हात लावणार तोच बायको म्हणाली, "आधी कोपरापर्यंत धुऊन ये."

इथे कॅलिफोर्नियात शेजारचे आजोबा वर्षभर १९४१ची विलिस कूपे (दोन दारांची जुनी अमेरिकन गाडी) बांधताहेत. दिसायला १९४१ची, बरं का! बॉडी फायबरग्लासची (डाव्या दाराच्या फटीत बोट जातं, बनवणाऱ्याला काय म्हणावं), सांगाडा पाइपांचा, इंजिन ४५४ घनइंचांचं शेवरोले. धावायचं फक्त पाव मैल, सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतीत.

आज ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारं यंत्र, चढवला. मला तो मॉडेल नंबर वाटायचा. मुळात हा जीएमसीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचा पंखा. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ६-७१. ते इंजिन स्वतः हवा ओढू शकत नाही, म्हणून त्याला हा लागायचा. हौशी पोरांनी तो उचलून पेट्रोलच्या गाडीवर बसवला आणि ताकद वाढवली.

बसवला पटकन, पण तो फिरवणारा पट्टा काही सरळ येईना. आजोबांनी दोन्ही पुल्यांना स्टीलची पट्टी लावली, जेमतेम दोन मिलिमीटर फट. मी म्हटलं, चालेल की! त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मी गपचूप पाना उचलला. चकत्या घाल, काढ, पुन्हा घाल. चार वेळा.

संध्याकाळी प्लग काढून क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हाताने फिरवला. वरून डोकावलो तर ब्लोअरमधले दोन्ही रोटर (फिरते दांडे) वेणीच्या पेडांसारखे एकमेकांत गुंतत फिरत होते, कुठेही न घासता.

कार्ब्युरेटर पुढच्या शनिवारी. घरी अजून सांगितलेलं नाही.